पात्रीकर आणि भोकांचा कारखाना

श्यामकांत पात्रीकरांच्या तोंडी सगळ्यात मोठी शिवी होती ‘पोकळ’. रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या ओतकामाच्या कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं माल तपासला. भट्टीतून आलेला नग उचलायचा, हातोडीनं टकटक करायची, कान लावायचा. खणखणीत वाजला तर पुढे, बद्द वाजला तर त्यावर लाल रंगानं फुली. ओतताना पोटात हवा अडकली की नग बद्द वाजतो आणि असा नग कधीतरी कोणाच्या तरी जिवावर उठतो, एवढं एकच तत्त्वज्ञान त्यांनी आयुष्यभर बाळगलं. कारखान्याबाहेरही ते त्यांनी सोडलं नाही. मंत्र्याचं भाषण ऐकलं की पोकळ, मेहुण्याचं आमंत्रण आलं की पोकळ. कलिंगड घेताना तर ते गाड्यावरचं एकेक कलिंगड असं वाजवत, की पुरानी बस्तीतले फळवाले त्यांना लांबून येताना पाहूनच चांगला नग हातात काढून ठेवत.

असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला आणि चार महिन्यांत इंदूबाई टेकीला आल्या. पात्रीकरांनी घरातला प्रत्येक कुकर, प्रत्येक कढई वाजवून पाहिली. मग भिंती वाजवल्या. बैठकीतल्या एका भिंतीत गवंड्यानं खोट केली असल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि ती फोडायला हातोडा काढला, त्या दिवशी इंदूबाईंनी लेकीला बजावलं.

“ज्ञानदा, तुह्या बापाले कुठंही घेऊन जा. नाहीतर हे घर खाली येते.”

ज्ञानदा नवा रायपूरच्या एका छोट्या कंपनीत नकाशे काढायची. नव्या राजधानीचे सहापदरी रस्ते, त्यावर अधूनमधून एखादी गाय, आणि त्या रस्त्याच्या टोकाला ही कंपनी. मालक अनिमेष तिच्याच शाळेतला. मराठी घरातला, मराठी सगळी कळायची, पण उत्तर हिंदीतच द्यायचा. त्याचा तपासनीस नुकताच पुण्याला निघून गेला होता. ज्ञानदानं बापासाठी विचारलं, अनिमेषनं हो म्हटलं आणि पात्रीकर एकसष्टाव्या वर्षी पुन्हा कामावर रुजू झाले.

लेक तिथं नेमकं काय करते हे त्यांना धड माहीत नव्हतं. एकदोनदा तिनं सांगायचा प्रयत्न केला होता, पण ‘धातूची पावडर’ म्हटल्यावर त्यांचं लक्ष उडालं होतं. त्यांच्या लेखी पावडर ही तोंडाला लावायची वस्तू.

पहिल्या दिवशी ज्ञानदा मशीनवाल्या कंपनीशी फोनवर भांडत होती आणि अनिमेषकडे बँकेची माणसं आली होती. कोणीतरी पात्रीकरांना एक टेबल दाखवलं, त्यावर नगांनी भरलेला ट्रे ठेवला, आणि ‘देखके रखिए अंकल’ एवढं सांगून निघून गेलं. पात्रीकरांनी चष्मा पुसला आणि पहिला नग हातात घेतला. मुठीएवढा पोलादाचा ठोकळा, आणि त्याच्या आरपार पलीकडचा पंखा दिसत होता. भोकंच भोकं! काडीएवढ्या जाडीच्या दांड्या एकमेकींत गुंतलेल्या, मधे सगळी हवा. दुसरा नग तसाच. तिसऱ्याची भोकं पोळ्यासारखी सहाकोनी. तेहतीस वर्षांत असा नासलेला माल त्यांनी पाहिला नव्हता. या पोरांची कंपनी बुडाली, सोबत आपली पोट्टीही बुडाली, असं त्यांना मनापासून वाटलं. नवी जागा, पहिलाच दिवस, म्हणून आरडाओरडा केला नाही. पिशवीतून आणलेली लाल रंगाची डबी उघडली आणि एकेका नगावर फुली मारत गेले. चोवीसच्या चोवीस. शेजारच्या कपाटावर तसलाच एक गोल नग होता, त्यावरही मारली. तो अनिमेषला दिल्लीत मिळालेल्या बक्षिसाचा होता.

तो रंग भोकाभोकांतून काढायला ज्ञानदाला सुई, थिनर आणि दीड दिवस लागला. अनिमेषनं मात्र त्यांना हाताला धरून मशीनपाशी नेलं.

“अंकल, यहाँ छेद ग़लती से नहीं आते,” तो म्हणाला. “हम छेद बनाते हैं. बड़ी मेहनत से.”

मशीनला एक जाड काचेची छोटी खिडकी होती. आत पोलादाची पावडर मैद्यासारखी पसरली जायची, कागदाच्या निम्म्याहून कमी जाडीचा एक थर. मग लेझरचा ठिपका त्यावर जिथं हवं तिथंच चरचरत फिरायचा आणि तेवढीच पावडर वितळून घट्ट व्हायची. मग वर नवा थर, पुन्हा ठिपका. असे हजारो थर झाले, की न वितळलेली पावडर झटकून टाकायची आणि आत जाळी उरायची. भरीव दांडा जितकं ओझं पेलतो त्यातलं बरंचसं ही जाळी पेलते, वजन मात्र निम्म्याहून कमी. पात्रीकर त्या खिडकीला नाक लावून तीन तास बसले. जेवायची सुट्टी झाली तरी उठले नाहीत. ओतकामात साचा आधी, मग रस. इथं साचाच नव्हता. वस्तू नुसती खालून वर उगवत होती, वारुळासारखी. पोरं याला ‘छापणं’ म्हणत.

घरी गेल्यावर त्यांनी हे सगळं इंदूबाईंना सांगितलं आणि शेवटी म्हणाले, की पाहायले झकास आहे, पण जाळी ती जाळीच, भार आला की चेपणार. इंदूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “अनारशाले जाळी पडली नाही तर तुम्हीच ताट सरकवता. तवा नाही म्हणत, भोकं काहून पाडली म्हणून?”

पण तपासनिसाचं मन उत्तरानं भरत नाही, ते परीक्षेनंच भरतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाळीचा एक ठोकळा जमिनीवर ठेवला, बूट काढले, आणि भिंतीला हात टेकून दोन्ही पायांनी त्यावर चढले. पात्रीकरांचं वजन ब्याण्णव किलो. ठोकळा हूं की चूं करेना. त्यांनी हळूच एक उडी मारून पाहिली. काही नाही. तेवढ्यात अनिमेष आला आणि त्याला काय हुक्की आली कोण जाणे, तोही बूट काढून चढला. जागा चार बोटांची, माणसं दोन. तोल सांभाळायला दोघांनी एकमेकांना घट्ट मिठी मारली. अगदी त्याच वेळी दार उघडलं आणि भिलाईच्या एका कॉलेजच्या अठ्ठावीस मुली, पुढे त्यांच्या मॅडम, कारखाना बघायला आत आल्या. मालक आणि नवे तपासनीस पायमोज्यांवर, एकमेकांच्या गळ्यात, गावी निघालेल्या लेकीला निरोप द्यावा तसे उभे. खाली उतरावं तर दोघांनी एकदम उतरायला हवं होतं आणि ते काही जमेना. मुलींनी फोटो काढले. ठोकळा नंतर मोजला, तर केसभरही दबला नव्हता.

त्या दिवसापासून पात्रीकर जाळीचे झाले. म्हातारपणी दीक्षा घेतलेला माणूस जसा मूळच्या भक्तापेक्षा कडक होतो, तसं त्यांचं झालं. पंडरीच्या कापडबाजारात इंदूबाई चादर घेत असताना त्यांनी दुकानदाराला थांबवून सांगितलं, की विणीतली भोकं ही हलगर्जी नसते, तो विचार असतो. दुकानदारानं हात जोडले.

अशात पुण्याहून मोठं काम आलं. बिस्किटांचे पुडे उचलून खोक्यात ठेवणारं एक यंत्र, त्याला चाळीस हात हवे होते. यंत्राचा हात मिनिटाला एकशेवीस वेळा इकडून तिकडे जाणार, म्हणून तो हलका हवा. ज्ञानदानं तो असा आखला, की वरून गुळगुळीत साल, आत सगळी जाळी, आणि टोकाला पावडर बाहेर पडायला दोन बारीक छिद्रं. पहिला नमुना सुरेख उतरला. तो बाहेर पाठवून एक्स-रेसारखा आतला फोटो काढवून आणला, जाळी स्वच्छ होती. मग चाळीस हात छापायला घेतले. त्या आठवड्यात पात्रीकर भाच्याच्या लग्नाला दुर्गला गेले होते. परतले तेव्हा शनिवार होता आणि माल खोक्यात भरायला तयार होता.

त्यांनी एक हात उचलला, कानाशी नेऊन हलवला. आत सरसर नाही. ज्ञानदा म्हणाली, झकास ना, एक कणही नाही आत. पात्रीकरांनी मान हलवली, पण नग खाली ठेवला नाही. तो या हातातून त्या हातात घेतला. मग नमुन्याचा हात घेतला. पुन्हा नवा. त्यांच्या मनगटाला काहीतरी कळत होतं आणि ते त्यांना शब्दांत सांगता येत नव्हतं. नवा नग जड होता. किंचित, पण होता.

त्यांनी तसं सांगितलं. अनिमेषला पटेना. कारखान्यात काटा होता, पण पावडरचे डबे मोजायचा, शंभर ग्रॅमच्या खालचं तो बोलतच नसे. संगणकावर सगळे थर बिनचूक दिसत होते. ट्रक सोमवारी सकाळी लागणार होता. पात्रीकर म्हणाले, माल थांबवा. अनिमेषनं विचारलं, कारण काय लिहू. पात्रीकर म्हणाले, लिहा, मनगट.

यावर ज्ञानदाचा तोल सुटला. ती ओरडली नाही, उलट आवाज खाली गेला.

“बाबा, तुम्हाले खोट काढल्याशिवाय चैनच पडत नाही,” ती म्हणाली. “मी दहावीत पंच्याण्णव टक्के आणले तवा तुम्ही विचारलं, पाच कुठं गेले. आता हे. एकदा तरी माह्या हातचा नग जसा आहे तसा घ्या ना.”

ते पाच टक्के पात्रीकरांना आठवत होते. त्यांना तेव्हा वाटलं होतं, की आपण थट्टा केली.

पाच वाजता ते घरी निघाले तेव्हा त्यांच्या डब्याच्या पिशवीत, चटणीच्या डबीशेजारी, रुमालात गुंडाळलेले दोन हात होते. एक नमुन्याचा, एक नवा. तेहतीस वर्षांत त्यांनी कारखान्यातला खिळाही घरी आणला नव्हता. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं नुसतं ‘चल दिए, अंकल?’ म्हटलं, तर त्यांना घाम फुटला.

रविवारी सकाळी ते हिरालाल सोनाराच्या दुकानात गेले. पुरानी बस्तीत ग्रॅमच्याही खालचं सांगणारा काटा त्याच्याचकडे होता. दुकानात एक लग्नाचं घर बसलं होतं. नवरी, आई, दोन मावश्या, समोर पैंजणांचा ढीग. पात्रीकरांनी रुमाल सोडला तसे सगळे तिकडे बघू लागले. पोलाद नुकतंच घासलेलं, चांदीसारखं चमकत होतं.

हिरालालनं एक हात उचलून उलटसुलट पाहिला, टोकाच्या छिद्रांत डोकावला. “ये कहाँ पहनते हैं, भैया?” त्यानं विचारलं.

पात्रीकरांनी सांगितलं, की हे पुण्यात बिस्किटं उचलायचं आहे. एक मावशी दुसरीला म्हणाली, की पुण्याकडे अलीकडे रुखवतात काहीही ठेवतात. नवरीला मात्र तो घाट आवडला आणि तिनं असलंच काही बाजूबंदात मिळेल का म्हणून विचारलं. हे सगळं होऊन मग हिरालालनं काटा शून्यावर आणला. नमुन्याचा हात, चारशे बारा ग्रॅम. नवा, चारशे सदतीस. पात्रीकरांनी पुन्हा करायला लावलं. तेच. त्यांनी लेखी मागितलं. हिरालालनं दुकानाच्या छापील कागदावर दोन्ही वजनं लिहिली, सही केली, आणि आपल्या अंगावर काही येऊ नये म्हणून खाली ठळक लिहिलं, ‘नग दो. चाँदी नहीं है.’

घरी येताना पात्रीकरांना आनंद व्हायला हवा होता. मनगट खरं ठरलं होतं. पण पावलं जड होत गेली. इतकी वर्षं खोट सापडली की त्यांना आतून बरं वाटायचं, नग बनवणारा कोण हे त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. आज तो घरी वरणभात जेवत बसला होता.

त्यांनी कागद ज्ञानदाच्या ताटाशेजारी ठेवला आणि समोर बसले. तिनं तो वाचला. चांदीच्या ओळीपाशी ओठ हलले, पण हसू आलं नाही. पंचवीस ग्रॅम, ती स्वतःशी पुटपुटली, म्हणजे चांगली चमचाभर पावडर. आत आहे, पण वाजत नाही. तिचा घास हातातच राहिला.

“भट्टीत आधी घातले का?” पात्रीकरांनी विचारलं.

छापून झालेल्या नगांतला ताण काढायला ते भट्टीत तापवावे लागतात. नेहमी आधी आतली पावडर झटकून काढायची, मग भट्टी. या वेळी भट्टी रिकामी होती, घाई होती, म्हणून क्रम उलटा केला होता. उष्णतेनं आतल्या सुट्या पावडरीचे गोळे होऊन जाळीलाच चिकटून बसले होते. मग सरसर कुठून येणार? यंत्र धावायला लागलं, की ते गोळे एकेक करून सुटणार, छिद्रांतून बाहेर पडणार, आणि खाली बिस्किटं.

“अनिमेषनं नाही सांगितलं तसं,” ज्ञानदा म्हणाली. “मी सांगितलं. एक दिवस वाचवायले.”

इंदूबाई तूप घेऊन आल्या होत्या, त्या तशाच परत आत गेल्या. मग पात्रीकरांनी एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी या घरात कधीच सांगितली नव्हती.

ज्ञानदाच्या बारशाच्या दिवशी कारखान्यात हातपंपाचे साठ दांडे तपासायला आले होते. दुपारी निघायचं होतं. त्यांनी वरचे दहा वाजवले आणि बाकीचे न वाजवताच पुढे सोडले. महिन्याभरानं धमतरीकडच्या एका गावातून निरोप आला, की एक दांडा तुटला. पाणी भरणारी बाई धपकन चिखलात बसली होती, बाकी काही झालं नव्हतं. कोणी चौकशी केली नाही, कोणाला नाव कळलं नाही. पण पात्रीकर पुढच्या रविवारी घरी ‘कारखान्यात मीटिंग आहे’ असं सांगून नवा दांडा खांद्यावर टाकून बसनं त्या गावी गेले आणि स्वतः बसवून आले. बसवेपर्यंत दीड तास ती बाई कमरेवर हात ठेवून त्यांना छत्तीसगढीतून शिव्या देत होती. नंतर तिनंच चहा दिला. मग गावातले आणखी चार पंप त्यांनी वाजवून पाहिले, आणि तिथपासून एकही नग न वाजवता सोडला नाही.

“मंजे ते दिवसभर टकटक करत राहता, ते माह्या बारशापायी?” ज्ञानदानं विचारलं.

“चूक माही होती. तू तर पाळण्यात झोपून होती,” पात्रीकर म्हणाले. “मी हे काहून सांगून राहिलो, तर चूक झाली म्हणून कोणी कामातून उठत नाही. उद्या फक्त जाऊन सांगा लागते. तेवढंच अवघड असते.”

ती हसली, मग रडली, मग तिनं भात संपवला. आतून इंदूबाईंनी विचारलं, की त्या रविवारच्या मीटिंगले जो नवा सदरा घालून गेले होते, त्याच्यावरचे चिखलाचे डाग मी आठ दिवस घासून राहिली होती, त्याचं काय. पात्रीकरांनी ते ऐकू न आल्यासारखं केलं.

सोमवारी ज्ञानदानं अनिमेषला सगळं सांगितलं. कागद त्याच्यापुढे ठेवला. अनिमेषनं तो दोनदा वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, की कंपनीचा माल सोनाराकडे कसा गेला. पात्रीकरांनी मान खाली घातली आणि चोरी कबूल केली. मग एक हात तारेनं कापायच्या मशीनवर उभा चिरला. आतली जाळी अर्धी मोकळी आणि अर्धी गच्च होती, गुळाच्या पाकात मुरमुरे बसावे तशी. अनिमेष खुर्चीवर बसला. ट्रक दारात उभा होता, तो रिकामा परत पाठवला. पुण्याला फोन त्यानंच केला. पलीकडचा माणूस पंधरा मिनिटं बोलत होता आणि अनिमेष फक्त ‘जी’ म्हणत होता. शेवटी बारा दिवसांची मुदत मिळाली. हिरालालकडे होता तसा काटा त्याच आठवड्यात मागवला. आणि पात्रीकरांना लेखी ताकीद मिळाली, की कंपनीचे नग डब्याच्या पिशवीतून नेऊ नयेत. त्यांनी ती आनंदानं सही करून घेतली. नियम मोडणाऱ्याला ताकीद मिळाली नसती, तर त्यांचा या कंपनीवरचा विश्वास उडाला असता.

नवे चाळीस हात बाराव्या दिवशी गेले. प्रत्येक नगाचं वजन पात्रीकरांनी स्वतः केलं. चारशे अकरा ते चारशे तेरा.

त्या संध्याकाळी बापलेक एकाच बसनं परतत होते. पात्रीकरांनी विषय काढला, की ती टोकाची छिद्रं जरा मोठी ठेवली तर पावडर लवकर निघेल. ज्ञानदा म्हणाली, छिद्र मोठं केलं तर नेमका तिथंच ताण येतो. ते म्हणाले, दोन मोठ्यांऐवजी चार लहान कर. ती म्हणाली, त्यानं साल कमजोर होते. त्यांनी तिकिटाच्या मागे नकाशा काढला. तिनं तो चुकीचा ठरवून तिच्या तिकिटावर दुसरा काढला. तिच्या नकाशात त्यांना एक गोष्ट खरोखरच आवडली आणि ते तसं म्हणालेही, पण बसच्या खडखडाटात तिला ऐकू आलं नाही, तिनं परत विचारलं, आणि तोवर ते तिसऱ्या छिद्रावर गेले होते. कंडक्टरनं दोनदा त्यांच्या थांब्याचं नाव ओरडून सांगितलं. मग तिसऱ्यांदा त्यांच्या अगदी शेजारी येऊन सांगितलं, तेव्हा बस दोन थांबे पुढे आली होती आणि पात्रीकर म्हणत होते, की थांब जरा, हिचं आधी पुरं होऊ दे.